पार्सर चुकीचं इनपुट गिळतो तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत प्रोग्रामिंगच्या भाषा कशा बनतात यावर जी लेखमाला चालू आहे ती मी पहिल्या भागापासून वाचतोय आणि मराठीत असं काही नेमाने छापून येतंय याचा मनापासून आनंद आहे, हे आधी सांगतो. पार्सर जनरेटरवरचा मागच्या रविवारचा भाग तर दोनदा वाचला. (पार्सर म्हणजे इनपुट भाषेच्या नियमांत, म्हणजे ग्रामरमध्ये, बसतं का ते बघून त्याची रचना ओळखणारा भाग.) आपण ग्रामरचे नियम लिहून द्यायचे आणि टूल त्यावरून पार्सरचा कोड काढून देतं, हे लेखकाने छान उलगडून सांगितलंय. पण शेवटी फ्लेक्स (लेक्सर बनवणारं टूल) आणि बायसन (पार्सर बनवणारं टूल) वापरून जो छोटा कॅल्क्युलेटर दिलाय त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना, कारण अगदी तसाच कोड काही वर्षांपूर्वी मी लिहिला होता आणि तो आम्हाला चांगलाच महागात पडला. लेखात ओघाओघात म्हटलंय की इनपुट चुकीचं असेल तर पार्सर एरर देतो, त्याची काळजी टूल घेतं. टूल ती काळजी घेत नाही हो. टूल फक्त जागा ठेवतं, तिथे काय करायचं ते आपल्यालाच लिहावं लागतं, आणि नाही लिहिलं तर काय होतं ते सांगतो.

लेखातल्या लेक्सरचा, म्हणजे इनपुटचे टोकन नावाचे तुकडे पाडून पार्सरला देणाऱ्या भागाचा, शेवटचा नियम असा आहे: वरच्या कुठल्याही पॅटर्नमध्ये न बसलेलं एक अक्षर आलं तर तेच अक्षर टोकन म्हणून पार्सरला द्यायचं. हा नियम ट्यूटोरियलमध्ये सर्रास दिसतो आणि त्याला कारणही आहे. बायसनमध्ये प्रत्येक टोकनला एक नंबर असतो, अधिक, वजा, कंस, सेमीकोलन अशा एकेरी चिन्हांना त्यांचा कॅरॅक्टर कोडच नंबर म्हणून चालतो, २५६ हा खास एररसाठी राखीव, आणि आपण नावं देऊन जाहीर केलेली टोकन २५८ पासून पुढे सुरू होतात. ० म्हणजे इनपुट संपलं. त्यामुळे अधिकचं चिन्ह वेगळं जाहीर न करता जसंच्या तसं पुढे ढकललं की काम भागतं. इथपर्यंत सगळं ठीक.

आता आमच्याकडे काय झालं ते. आमच्या टीमने ऑफिसातल्या लोकांना नियम लिहिता यावेत म्हणून एक छोटी भाषा केली होती, नियम इंग्रजी अक्षरांत, पण कॉमेंट आणि मेसेजमध्ये मराठी चालायचं. एका फाईलमध्ये साधारण ३०० ओळी. कोणीतरी ४१ व्या ओळीवर मराठीत एक टीप लिहिली आणि पुढे कॉमेंटची खूण द्यायची राहिली, म्हणजे ओळीची सुरुवातच उघड्या "टीप" या शब्दाने. खरं तर तिथे धडधडीत सिंटॅक्स एरर यायला हवी होती. आली नाही. फाईल बिनबोभाट लोड झाली, प्रोग्रामने सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं, आणि ४१ व्या ओळीच्या खालचा एकही नियम आत गेला नाही. हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, तेही एका नियमाचा परिणाम दिसत नाही अशी तक्रार आली म्हणून.

कारण शोधायला दोन दिवस लागले आणि सापडल्यावर अक्षरशः सुन्न झालो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी वगैरे, तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट असतो २२४. सी भाषेत एक बाइट ठेवणारा साधा कॅर टाइप बहुतेक इंटेल मशीनवर साइन्ड असतो, म्हणजे उणे आकडेही धरतो, आणि त्यात २२४ बसत नाही, तो उणे ३२ होतो. लेक्सरने तो उणे ३२ टोकनचा नंबर म्हणून दिला, आणि बायसनने बनवलेला पार्सर शून्य किंवा शून्यापेक्षा कमी कुठलाही नंबर आला की इनपुट संपलं असं धरतो! आधीची ओळ सेमीकोलनने व्यवस्थित संपलेली होती, त्यामुळे पार्सरच्या दृष्टीने फाईल तिथे नीट पूर्ण झाली आणि त्याने समाधानाने यश कळवलं. गंमत म्हणजे टेस्टसाठी ठेवलेल्या छोट्या एआरएम (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या) बोर्डवर, जिथे लिनक्स होतं आणि कॅर अनसाइन्ड होता, तीच फाईल दिली की बरोबर एरर यायची, त्यामुळे आधी तर आम्ही सर्व्हरवरच संशय घेत बसलो होतो.

लेखातल्या कॅल्क्युलेटरमध्ये तोच नियम तसाच आहे. कोणी वाचक तो टाइप करून बघेल, त्यात एखादं मराठी अक्षर टाकेल, आणि कॅल्क्युलेटर गुपचूप बंद पडेल. आणि मराठी वाचक मराठी अक्षर टाकून बघणारच ना?

दुरुस्ती एका ओळीची आहे, तो बाइट अनसाइन्ड करून द्यायचा. पण मी म्हणेन तेवढ्यावर थांबू नये. चालणारी चिन्हं कोणती ती लेक्सरमध्ये नावानिशी लिहावीत, आणि उरलेल्या सगळ्यासाठी वेगळा नियम करावा जो जागा सांगून तक्रार करेल. त्यात १२८ आणि वरचे लागोपाठचे बाइट एकाच पॅटर्नमध्ये गोळा करावेत, नाहीतर "टीप" या शब्दाचे ट, दीर्घ वेलांटी आणि प असे तीन कोडपॉइंट (युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं) म्हणजे ९ बाइट, आणि एका शब्दासाठी ९ एरर येतील. तक्रार केल्यावर पार्सरला काय द्यायचं हाही प्रश्न असतोच. नुसतं गाळून टाकलं तर पार्सरला कळतच नाही की मध्ये काहीतरी होतं, आणि तो दोन्ही बाजूंचे तुकडे जोडून भलताच अर्थ लावू शकतो. २०२० मध्ये आलेल्या बायसन ३.६ पासून लेक्सरला सरळ एरर टोकनच परत देता येतं, त्याचा अर्थ "मी मेसेज दिलाय, तू परत देऊ नकोस, पण रिकव्हरी, म्हणजे चुकीतून सावरून पुढे जाणं, मात्र सुरू कर". किती वर्षं हवी होती ही सोय!

आणि फ्लेक्समध्ये शेवटचा नियम लिहिलाच नाही तर? मग न जुळलेलं अक्षर तो सरळ आउटपुटवर छापून मोकळा होतो. पार्सरला काहीच कळत नाही. हे टाळायला नोडिफॉल्ट नावाचा ऑप्शन आहे, तो प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून लावावा असं माझं ठाम मत आहे.

मला मुख्य मुद्दा हाच मांडायचाय की एरर रिकव्हरी पार्सरमध्ये सुरू होत नाही, ती टोकनपासून सुरू होते. टोकन चुकीचं पडलं की वर कितीही हुशार ग्रामर असू दे, मेसेज भलतीकडेच जाणार. सगळ्यात नेहमीचं उदाहरण न बंद केलेल्या स्ट्रिंगचं. बहुतेक जण स्ट्रिंगचा पॅटर्न असा लिहितात: डबल कोट, मग डबल कोट सोडून काहीही कितीही वेळा, मग डबल कोट. दिसायला बरोबर. पण "काहीही" मध्ये नवी ओळही आली. आता १२ व्या ओळीवर कोणी शेवटचा कोट विसरलं की ती स्ट्रिंग पुढच्या कोटापर्यंत धावते, मग तो ४० व्या ओळीवर का असेना, आणि तिथून पुढे सगळं उलटं होतं, जे स्ट्रिंगच्या आत होतं ते बाहेर आणि बाहेरचं आत. एरर येते ४० व्या ओळीवर, "अनपेक्षित नाव". माणूस ४० व्या ओळीकडे बघत बसतो आणि तिथे काहीच चूक नसते. मी स्वतः असं बघत बसलोय, आणि माझ्यापेक्षा कमी अनुभव असलेले लोक तर आपल्यालाच काही येत नाही असं समजून रडकुंडीला येतात.

यावर उपाय ग्रामरमध्ये नाहीच, लेक्सरमध्ये आहे. भाषेत स्ट्रिंग एका ओळीतच संपली पाहिजे असं ठरवायचं आणि दोन पॅटर्न लिहायचे, एक नीट बंद झालेल्या स्ट्रिंगचा, दुसरा कोटाने सुरू होऊन ओळ संपेपर्यंत बंद न झालेल्याचा. दुसरा जुळला की "१२ व्या ओळीवर सुरू झालेली स्ट्रिंग बंद केलेली नाही" एवढं सांगायचं, आणि मग पार्सरला स्ट्रिंगचंच टोकन द्यायचं, जणू ती बंद होती. पार्सरला ही चूक कळायची गरजच नाही, तो पुढे नीट चालतो आणि पुढच्या खऱ्या चुका पकडतो. फार तर राहिलेल्या कोटाच्या पुढचं सेमीकोलन त्या तुटक्या स्ट्रिंगने गिळलेलं असतं म्हणून एखादी जास्तीची तक्रार येऊ शकते, पण २८ ओळींचा गोंधळ तरी टळतो. तसंच आकड्यांचं. आकड्याला चिकटून अक्षरं आली, समजा १२कखग (समजायला सोपं म्हणून इथे आणि पुढे उदाहरणातली नावं मराठीत लिहितोय), तर लेक्सर त्याचे दोन टोकन करतो, १२ हा आकडा आणि कखग हे नाव, आणि पार्सर म्हणतो आकड्यानंतर नाव कसं. त्यापेक्षा चुकीच्या आकड्याचा एक पॅटर्न ठेवला की मेसेज नेमका देता येतो, आणि सगळ्यात लांब जुळणारा पॅटर्न जिंकतो हा लेक्सरचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो.

ओळ आणि कॉलम यांचंही तेच. प्रत्येक टोकनबरोबर ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे ठेवलंच पाहिजे, बायसनमध्ये त्याची सोय आहे, लेखातल्या उदाहरणात मात्र ती वापरलेली नाही आणि मेसेज नुसताच "सिंटॅक्स एरर" येतो. पण कॉलम मोजताना फ्लेक्स बाइट मोजतो हे लक्षात ठेवा. स्ट्रिंगमध्ये "टीप" लिहिलंत तर डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, फ्लेक्सला ९ बाइट, त्यामुळे चुकीखाली जो बाण दाखवायचा तो सात घरं उजवीकडे सरकतो. मराठी मजकूर असलेल्या फाईलवर असे बाण मी इतके पाहिलेत की आता बाण दिसला की मनातल्या मनात तो डावीकडे सरकवूनच बघतो.

आता पार्सरमधल्या रिकव्हरीकडे येतो. याक हे टूल बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात केलं, बायसन हे त्याच घराण्यातलं, आणि रिकव्हरीची पद्धत याकपासून तीच चालत आलीय. ग्रामरमध्ये एरर नावाचं एक खास टोकन वापरता येतं. समजा मी नियम लिहिला:

विधान : नाव '=' पदावली ';'
      | एरर ';'

आणि इनपुट आलं

अ = (ब + ; क = ३ ;

पार्सरने अ, बरोबरचं चिन्ह, उघडा कंस, ब, अधिक इतकं स्टॅकवर, म्हणजे अर्धवट वाचलेल्या गोष्टींच्या चवडीवर, ठेवलंय आणि पुढे दिसतोय सेमीकोलन. इथे सेमीकोलन चालणारा कुठलाच नियम नाही. मग तो आधी एकदा तक्रार करतो, आणि स्टॅकवरून एकेक गोष्ट काढून टाकायला लागतो, अधिक गेलं, ब गेला, कंस गेला, बरोबर गेलं, अ गेला, आता आपण विधानाच्या सुरुवातीला आलो जिथे एरर टोकन चालतं. ते तो स्टॅकवर ठेवतो. मग पुढची टोकन बघतो आणि उपयोगी नसलेली फेकत जातो. इथे सेमीकोलन समोरच आहे, जुळलं, चुकीचं विधान संपलं. हे सेमीकोलन, पुढचा क आणि बरोबर ही तीन टोकन बिनतक्रार घेतली गेली की पार्सर म्हणतो मी सावरलो. ही तीन टोकन होईपर्यंत नवीन चूक आली तरी तो मेसेज देत नाही, म्हणजे एका चुकीतून उडालेल्या दहा खोट्या चुका आपल्याला दिसत नाहीत. किती साधी युक्ती, आणि अजून चालतेय.

पण हीच युक्ती चुकीच्या जागी लावली की घात करते. मला वाटलं कंसासाठीपण रिकव्हरी असलेली बरी, म्हणून मी पदावलीत अजून एक नियम घातला, उघडा कंस, एरर, बंद कंस. वरचंच उदाहरण घ्या. आता स्टॅकवरून काढता काढता पार्सर कंसापाशीच थांबतो, कारण तिथे एरर टोकन चालतं, आणि त्यानंतर त्याला फक्त बंद कंसच हवा असतो. सेमीकोलन आला, फेकला. क फेकला, ३ फेकला, पुढची विधानं फेकत फेकत जिथे कुठे बंद कंस दिसेल तिथपर्यंत गेला, मग तो कोणाचा का असेना. एक कंस राहिला म्हणून ५० ओळी तपासल्याच गेल्या नाहीत, आणि मेसेज मात्र एकच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं एकच चूक आहे, ती दुरुस्त केली की मग खालच्या सात वर येतात. तेव्हापासून मी एरर नियम मोजकेच ठेवतो, विधानाला एक आणि ब्लॉकला एक, आणि सावरायची जागा म्हणून सेमीकोलन किंवा बंद महिरपी कंस. भाषेची रचना करतानाच विधान कुठे संपतं हे ठसठशीत ठरवणं ही वाचणाऱ्याचीच नव्हे तर चूक करणाऱ्याचीही सोय असते.

एरर नियमाच्या ॲक्शनमध्ये (नियम जुळल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) सावरलो असं हाताने जाहीर करता येतं, वायवायएररओके नावाने. सेमीकोलन मिळाल्यावर ते करणं ठीक आहे. पण काही जण नियमात नुसतं एरर लिहितात, पुढे कुठलंही टोकन नाही, आणि लगेच सावरलो म्हणतात. मग तेच चुकीचं टोकन परत समोर, परत एरर, परत सावरलो, आणि प्रोग्राम कायमचा तिथेच फिरत बसतो, स्क्रीन मेसेजने भरून जाते. रिकव्हरीत निदान एक टोकन तरी पुढे सरकलं पाहिजे. आणि स्टॅकवरून जे काढून टाकलं त्याची मेमरी कोण सोडणार? नावांची कॉपी करून ठेवलेली असते, ॲक्शन तर चाललीच नाही, म्हणून बायसनमध्ये डिस्ट्रक्टर, म्हणजे ती मेमरी सोडणारा कोड, द्यावा लागतो, एडिटरसारख्या दिवसभर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये तर द्यावाच लागतो.

आणि आता लेखातली सगळ्यात धोक्याची ओळ. कॅल्क्युलेटरच्या मेन फंक्शनमध्ये लिहिलंय, पार्सरने शून्य परत दिलं तर "सर्व बरोबर" असं छापा. लेखातल्या ग्रामरमध्ये एरर नियम नाही तोपर्यंत हे चालेल. पण वाचकाने मी वर सांगितला तसा नियम घातला की पार्सर सावरतो, शेवटपर्यंत जातो, आणि शून्यच परत देतो! रिकव्हरी यशस्वी झाली म्हणजे पार्स यशस्वी झालं, असा त्याचा हिशोब. मधली चुकलेली विधानं वगळून उरलेली खुशाल चालवली जातात. नियमांच्या फाईलमध्ये पाचवा नियम चुकला म्हणून वगळला आणि सहावा, जो पाचव्यावर अवलंबून होता, तो लागू झाला तर त्याचा परिणाम काय होईल सांगता येत नाही. म्हणून चुका मोजायचा आपला स्वतःचा काउंटर ठेवायचा, तक्रारीच्या फंक्शनमध्येही वाढवायचा आणि लेक्सरच्या तक्रारीतही, आणि तो शून्य असेल तरच पुढे जायचं. सावरायचं ते पुढच्या चुका दाखवण्यासाठी, चुकलेला प्रोग्राम चालवण्यासाठी मुळीच नाही.

सावरण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी असं कोणी विचारेल. पूर्वी पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायची, एका फेरीत एकच चूक कळली तर आठवडा जायचा, म्हणून जमेल तेवढ्या चुका एकाच वेळी दाखवणं गरजेचं होतं. कॉर्नेल विद्यापीठातला पीएल/सी हा १९७० च्या दशकातला कंपायलर तर विद्यार्थ्यांच्या चुका स्वतः दुरुस्त करून प्रोग्राम चालवायचा प्रयत्न करायचा. आज कंपाइल क्षणात होतं, तरी गरज उलट वाढलीच आहे. एडिटरमध्ये आपण टाइप करत असताना प्रत्येक अक्षराला पार्सर धावतो, आणि टाइप करतानाचा प्रोग्राम जवळजवळ सगळा वेळ अर्धवट, म्हणजे चुकीचाच असतो. अर्धी ओळ लिहिली म्हणून खालच्या सगळ्या कोडचे रंग उडाले तर कोणाला चालेल? ट्री-सिटर हे पार्सर जनरेटर याच कामासाठी केलेलं आहे, त्यात चुकीच्या भागाभोवती एररची गाठ (नोड) घालून बाकीचं झाड, म्हणजे प्रोग्रामच्या रचनेचा ट्री, शाबूत ठेवलं जातं.

अँटलर ४ या पार्सर जनरेटरमध्ये थोडं जास्त आयतं मिळतं हे मान्य. एखादं टोकन जास्तीचं असेल आणि त्याच्या पुढचं बरोबर बसत असेल तर तो मधलं टाकून देतो, एखादं राहिलं असेल तर ते आहे असं धरून पुढे जातो आणि तसं सांगतोही. त्याचे कर्ते टेरेन्स पार यांनी हे फार विचार करून केलंय. पण तिथेही ज्या टोकनला आपण धड नाव दिलं नाही त्याचा मेसेज तसाच विचित्र येतो, आणि लेक्सरने न ओळखलेलं अक्षर तो तक्रार करून वगळतो, म्हणजे परत टोकनचा प्रश्न आपल्याच दारात.

मेसेजबद्दल थोडंसं. बायसनमध्ये साध्या सेटिंगला नुसतं "सिंटॅक्स एरर" येतं, तपशीलवार सेटिंग लावलं की काय आलं आणि काय अपेक्षित होतं तेही सांगतो, पण अपेक्षित गोष्टी चारपेक्षा जास्त झाल्या तर यादीच देत नाही. शिवाय एलएएलआर टेबल (बायसनचा पार्सर ज्यावरून चालतो ते तक्ते) लहान ठेवायला पार्सर चूक लक्षात येण्याआधीच काही रिडक्शन करून बसतो, म्हणजे स्टॅकवरचे तुकडे एखाद्या नियमाखाली गोळा करतो, त्यामुळे ही यादी कधी अपुरी तर कधी चुकीची निघते. यासाठी लुकअहेड करेक्शन म्हणजे एलएसी नावाचं सेटिंग आहे, ते चालू करावं. आणि टोकनला माणसाला कळेल असं टोपणनाव द्यावं. ३.६ पासून ही नावं भाषांतरितही करता येतात, म्हणजे "आकडा अपेक्षित होता, पण बंद कंस मिळाला" असा मराठी मेसेज कोणीही देऊ शकतं. मी तो दिला, आणि आमच्याकडे नियम लिहिणारे लोक मला फोन करायचे बंद झाले.

काही वाचक म्हणतील मोठे कंपायलर तर हाताने लिहिलेले पार्सर वापरतात. खरं आहे, जीसीसी या कंपायलरने सी++ चा पार्सर ३.४ मध्ये, म्हणजे २००४ साली, हाताने लिहिलेला घेतला, सीचा ४.१ मध्ये २००६ साली, आणि गो या भाषेच्या कंपायलरने १.६ मध्ये २०१६ साली याक सोडलं. चांगले मेसेज हे त्यामागचं एक कारण असतं, मी नाकारत नाही. पण पायथॉन बघा. ३.९ मध्ये २०२० साली त्यांनी नवीन पार्सर घेतला तो जनरेटरनेच बनवलेला, आणि त्यात एक पद्धत अशी आहे की ग्रामरमध्ये खास चुकांचे नियम लिहिलेले असतात, पहिल्या फेरीत ते बंद ठेवतात, पार्स फसलं तरच दुसऱ्या फेरीत चालू करतात, म्हणजे बरोबर प्रोग्रामला त्याचा काही त्रास नाही. ३.१० पासून "हा कंस बंदच केला नाही" असा मेसेज येतो आणि बाण उघड्या कंसावर असतो. तो कसा कळतो? टोकनायझर (म्हणजे लेक्सरच) उघडलेल्या प्रत्येक कंसाची ओळ लक्षात ठेवतो म्हणून. बघा, परत टोकनच!

म्हणून संपादक साहेब, एक विनंती. लेखमाला थांबवू नका, लेखकालाही यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, तो कोड जवळजवळ सगळीकडे असाच छापला जातो. फक्त पुढच्या रविवारी त्या कॅल्क्युलेटरच्या दोन ओळी दुरुस्त करून छापाव्यात, लेक्सरची शेवटची ओळ आणि मेनमधली तपासणीची, शक्य असेल तर एक एरर नियमही घालावा. आणि खाली वाचकांनी टाइप करून बघायला चार चुकीची इनपुट द्यावीत: न संपलेला कंस, न संपलेली स्ट्रिंग, दोन अधिक लागोपाठ, आणि ओळीच्या सुरुवातीला मराठीत "टीप".

आपला,
एक नियमित वाचक